विद्युतसंवेदनशील व्यक्तीच्या घरात सौरवीज : पॅनेलआधी इन्व्हर्टर आणि वायरिंगचा विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या पत्नीला गेली काही वर्षे विजेच्या उपकरणांच्या सान्निध्यात डोकेदुखी, कानात गुणगुण आणि झोपमोड असा त्रास होतो. छतावर पाच किलोवॅटची सौर यंत्रणा बसवण्याचा आपला विचार आहे. कंत्राटदाराने प्रत्येक पॅनेलमागे ऑप्टिमायझर (त्या पॅनेलची वीजनिर्मिती स्वतंत्रपणे सांभाळणारे छोटे यंत्र), जिन्याच्या वरच्या टप्प्यावर शयनगृहाच्या भिंतीला लागून इन्व्हर्टर (पॅनेलची एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज घरात वापरायच्या, दिशा बदलत वाहणाऱ्या एसी विजेत बदलणारे यंत्र) आणि मोबाईलवर वीजनिर्मिती दिसावी म्हणून वाय-फाय अशी योजना दिली आहे. या यंत्रणेमुळे त्रास वाढेल का, ग्रिडपासून, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यापासून, वेगळे होऊन पूर्णपणे बॅटरीवर जाणे बरे का, आणि ही योजना आहे तशी मान्य करावी का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. मी घरगुती सौर यंत्रणांची आखणी आणि उभारणी करतो आणि अशा तक्रारी असलेल्या कुटुंबांची कामेही माझ्याकडे वर्षानुवर्षे येत आली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

‘सौरवीज सोसेल का’ असा एकच प्रश्न समोर ठेवला तर त्याला नेमके उत्तर देता येत नाही. पॅनेल, त्यांच्यापासून येणाऱ्या डीसी तारा, इन्व्हर्टर, तेथून निघणाऱ्या एसी तारा, मीटर, माहिती पाठवणारी साधने आणि असल्यास बॅटरी, एवढे भाग मिळून ही यंत्रणा होते. प्रत्येक भागाभोवतीचे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र वेगळ्या प्रकारचे असते, वेगळ्या अंतरापर्यंत पोहोचते आणि दिवसाच्या वेगळ्या वेळी असते. म्हणून मी घर पाहायला गेलो की तीन गोष्टी विचारतो : कोणता भाग कुठे बसणार आहे, तो पलंगापासून किती दूर आहे आणि तो रात्री चालू राहणार आहे का. आपल्या कंत्राटदाराच्या योजनेत या तिन्हींचा विचार झालेला दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही, कारण सर्वसाधारण ग्राहकासाठी हीच योजना सोयीची ठरते.

तांत्रिक भागाकडे वळण्यापूर्वी वैज्ञानिक स्थिती स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये विद्युतसंवेदनशीलता, म्हणजे विजेच्या उपकरणांजवळ त्रास जाणवणे, या विषयावर माहितीपत्रक काढले. अशा व्यक्तींना होणारा त्रास खरा असतो, तो कधीकधी दैनंदिन जीवन अशक्य करण्याइतका तीव्र असतो, परंतु त्याचा विद्युतचुंबकीय क्षेत्रांशी कार्यकारणसंबंध दाखवणारा वैज्ञानिक आधार नाही, असे त्यात म्हटले आहे. क्षेत्र चालू आहे की बंद, हे सहभागी व्यक्तीला आणि प्रयोग घेणाऱ्यालाही ठाऊक नसेल अशा रीतीने केलेल्या प्रयोगांत, विद्युतसंवेदनशील म्हणवणाऱ्या व्यक्तींना इतरांपेक्षा अधिक अचूकपणे ते ओळखता आलेले नाही. क्षेत्र चालू आहे असे वाटले की बंद असतानाही लक्षणे उमटतात, हेही त्या प्रयोगांत दिसले. ‘हा सगळा मनाचा खेळ’ असा याचा अर्थ मी घेत नाही आणि आपणही घेऊ नये. मी त्यातून दोन गोष्टी घेतो. पहिली, डोकेदुखी, छातीत धडधड आणि निद्रानाश यांची वैद्यकीय तपासणी सौर यंत्रणेच्या निर्णयाशी बांधून ठेवू नये. ती स्वतंत्रपणे आणि आधी व्हावी. दुसरी, कोणताही तंत्रज्ञ ‘ही यंत्रणा बसवा, त्रास होणार नाही’ अशी हमी देऊ शकत नाही, आणि देत असेल तर त्याच्याकडून माल घेऊ नये. माझ्या हातात आहे ते एवढेच, की यंत्रणेची क्षेत्रे शक्य तितकी कमी आणि शक्य तितकी दूर ठेवावीत, ती गरजेनुसार बंद करता यावीत आणि हे सर्व करताना विद्युत सुरक्षिततेशी कोठेही तडजोड होऊ नये.

आता पॅनेल. लोकांना सर्वाधिक धास्ती छतावरच्या पॅनेलची असते, आणि माझ्या मते ती चुकीच्या जागी आहे. पॅनेल एकाच दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह, म्हणजे डीसी, निर्माण करते. त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर असते, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्याच जातीचे. पृथ्वीचे क्षेत्र ठिकाणानुसार सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते आणि आपण सारे जन्मभर त्यातच वावरतो. दहा अँपिअर डीसी प्रवाह वाहणाऱ्या एकट्या सरळ तारेपासून एक मीटरवर सुमारे दोन मायक्रोटेस्लाचे क्षेत्र असते. अधिक आणि उणे अशा दोन्ही तारा एकमेकींना चिकटून नेल्या, म्हणजे त्यांच्यात साधारण एक सेंटिमीटर अंतर राहिले, तर दोघींची क्षेत्रे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात आणि एक मीटरवर सुमारे ०.०२ मायक्रोटेस्ला एवढेच उरते. शिवाय सूर्य मावळल्यावर पॅनेलमध्ये वीजच नसते. शयनगृहावर छत आणि छतावर पॅनेल असल्याने रात्रीच्या झोपेच्या वेळी त्यांच्याकडून काही येण्याचे कारण नाही.

मात्र दिवसा पॅनेलच्या तारांत शुद्ध डीसी असतो असे गृहीत धरू नये. इन्व्हर्टर ग्रिडला ५० किंवा ६० हर्ट्झची वीज देतो, तेव्हा एकफेजी यंत्रणेत त्याच्या दुप्पट वारंवारतेचा चढउतार डीसी बाजूवरही उमटतो. शिवाय इन्व्हर्टरमधील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, बहुधा १६ किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वेगाने, आणि त्या उघडझापीचा अंश तारांवरून उलट पॅनेलपर्यंत जातो. पॅनेल आणि लांब तारा मिळून मग अँटेनासारखे काम करू शकतात. आजचे बहुतेक घरगुती इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरविना असतात. त्यांतील काही रचनांमध्ये पॅनेलच्या तारांचा जमिनीच्या तुलनेतील दाब (व्होल्टेज) ग्रिडच्या वारंवारतेने वरखाली होतो. अशा वेळी पॅनेलच्या चौकटीला अर्थिंग नसेल तर हात लावणाऱ्याला झिणझिण्या जाणवतात. म्हणून विचार करण्याचा खरा भाग इन्व्हर्टर हा आहे. पॅनेल आणि तारा केवळ त्याची खळबळ दूरवर नेतात.

इन्व्हर्टरच्या उच्च वारंवारतेच्या गोंगाटावर, म्हणजे त्याच्यापासून पसरणाऱ्या नको असलेल्या विद्युत लहरींवर, मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. सीआयएसपीआर ११ हे त्यांतील प्रमुख मानक असून त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत ग्रिडला जोडल्या जाणाऱ्या सौर इन्व्हर्टरच्या डीसी बाजूसाठीही मर्यादा आल्या. परंतु त्यातील तारांवरून पसरणाऱ्या गोंगाटाच्या मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून पुढे लागू होतात आणि स्विचिंगची मूळ वारंवारता त्याच्या बरीच खाली असते. मानके मुळात रेडिओ संदेशवहनात अडथळा येऊ नये म्हणून लिहिलेली आहेत. म्हणून प्रमाणपत्र जरूर पाहावे, पण ‘प्रमाणपत्र आहे म्हणजे गोंगाट नाही’ असे समजू नये. मी ग्राहकाला अशा घरात इन्व्हर्टर निवडताना डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना उत्तम फिल्टर असलेला, पंख्याशिवाय थंड होणारा आणि वायरने माहिती देऊ शकणारा नमुना घ्यायला सांगतो. ट्रान्सफॉर्मरने विलग केलेला इन्व्हर्टर मिळाला तर पॅनेलवरचा तो वरखाली होणारा दाब टळतो. पण असे इन्व्हर्टर वजनदार असतात, त्यांची कार्यक्षमता थोडी कमी असते आणि त्या ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे ५० किंवा ६० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र जवळून बरेच तीव्र असते. म्हणजे हा पर्याय जागा दूर असेल तरच उपयोगाचा.

जागेबद्दल मी सर्वाधिक आग्रही आहे. आपल्या घरातील योजनेत इन्व्हर्टर शयनगृहाच्या भिंतीला लागून आहे, आणि केवळ याच कारणासाठी मी ती योजना परत पाठवली असती. भिंत कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, ना विटांची ना काँक्रीटची. अडवते ते अंतर. लहान उपकरणाभोवतीचे क्षेत्र अंतराबरोबर किती झपाट्याने घटते याची कल्पना जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या केस वाळवण्याच्या यंत्राच्या आकड्यांवरून येईल : तीन सेंटिमीटरवर ६ ते २,००० मायक्रोटेस्ला, तीस सेंटिमीटरवर ०.०१ ते ७ आणि एक मीटरवर ०.०१ ते ०.०३. सर्वसामान्य लोकांसाठी ५० हर्ट्झच्या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे आणि इन्व्हर्टरपासून दोन-तीन पावलांवर माझ्या मोजमापात तिच्या जवळपास जाणारे काहीही आढळत नाही. तरीही संवेदनशील व्यक्तीसाठी मी इन्व्हर्टर तळमजल्यावर, गॅरेजमध्ये, बाहेरच्या सावलीतील भिंतीवर किंवा वेगळ्या खोपटात ठेवतो, आणि भिंतीच्या पलीकडे कोणाचा पलंग, अभ्यासाची खुर्ची किंवा देवघर नाही ना, हे आत जाऊन पाहतो. तारांची लांबी वाढते, खर्च थोडा वाढतो, एवढेच.

तारा कशा न्याव्यात हे मात्र जागेइतकेच महत्त्वाचे आहे आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. छतावर पॅनेलची माळ जोडताना शेवटच्या पॅनेलपासून परतीची तार सोयीच्या वाटेने, दुसऱ्या बाजूने आणण्याची सवय अनेक कामगारांना असते. त्यामुळे अधिक आणि उणे तारांमध्ये खोलीएवढा फास तयार होतो, वर सांगितलेले एकमेकांना पुसून टाकणे होत नाही आणि त्या फासाच्या आत संपूर्ण शयनगृह सापडते. परतीची तार जाणाऱ्या तारेला लागूनच आणावी, जमेल तिथे दोन्हींना एकमेकींभोवती पीळ द्यावा आणि छतापासून इन्व्हर्टरपर्यंत त्या एकाच धातूच्या, अर्थिंग केलेल्या नळीतून न्याव्यात. विजा चमकताना तारांच्या फासात घातक दाब उत्पन्न होतो म्हणून सौर यंत्रणांचे आयईसी ६२५४८ हे मानकही फासाचे क्षेत्रफळ कमीत कमी ठेवायला सांगते. म्हणजे आपण कंत्राटदाराकडे काही विचित्र मागत नाही आहात. चांगल्या कामाचीच मागणी करत आहात.

ऑप्टिमायझर आणि पॅनेलमागे बसणारे छोटे इन्व्हर्टर यांबाबत माझे मत स्पष्ट आहे : छतावर सावली पडत नसेल तर अशा घरात ते नकोत. प्रत्येक ऑप्टिमायझर म्हणजे उच्च वारंवारतेने उघडझाप करणारे एक स्वतंत्र यंत्र. ते नेमके झोपण्याच्या खोलीच्या डोक्यावर, मोठ्या संख्येने बसते. ती आपसात आणि इन्व्हर्टरशी अनेकदा त्याच तारांवरून संदेश पाठवतात. हौशी रेडिओ चालकांच्या सौर यंत्रणांबद्दलच्या तक्रारींत ऑप्टिमायझरचे नाव वारंवार येते, आणि त्या तक्रारी रेडिओवर ऐकू येणाऱ्या खरखरीच्या असल्यामुळे तपासता येतात. दिवसभर झाडाची किंवा शेजारच्या इमारतीची सावली फिरत असेल तर ऑप्टिमायझरचा फायदा खरा असतो. तेव्हा सावलीतली पॅनेल सरळ वगळून यंत्रणा लहान करावी, हा पर्याय मी आधी सुचवतो. एक अपवाद परिस्थितीवर अवलंबून आहे. काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, आग विझवणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी छतावरचा डीसी दाब झटकन उतरवण्याची सोय सक्तीची आहे आणि तिच्यासाठी पॅनेलजवळ काही इलेक्ट्रॉनिक साधन बसवावे लागू शकते. तेथे नियमच पाळायचा. मग केवळ दाब तोडण्याचे काम करणारे साधे उपकरण चालेल का, हे विचारावे.

वाय-फायचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. इन्व्हर्टरच्या कार्यासाठी वाय-फाय लागत नाही. ते केवळ माहिती दाखवण्यासाठी असते. अनेक इन्व्हर्टरवर आरएस-४८५ किंवा इथरनेटची जोडणी असते आणि तिच्यावरून वायरने माहिती घेता येते. काहींमधील वाय-फायची छोटी कांडी सरळ काढून ठेवता येते. मात्र ते अंगभूत असेल तर बंद करण्याची सोय आहे का, हे खरेदीपूर्वी पुस्तिकेत पाहावे, कारण हमीच्या अटीत इंटरनेट जोडणी सक्तीची असू शकते. बॅटरी घेणार असाल तर तिच्या नियंत्रकातील ब्लूटूथबद्दलही हेच विचारावे. वीज कंपनी बसवेल त्या स्मार्ट मीटरला नकार देता येतो की नाही, हे प्रत्येक ठिकाणच्या नियमावर अवलंबून आहे. नकार देता येत नसेल तर मीटर शयनगृहापासून दूरच्या भिंतीवर बसवून घेण्याची विनंती करावी.

येथे मी दोन अशा गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो ज्यांचा क्षेत्रांशी संबंध नाही, पण अशा घरांत मला त्या पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली म्हणजे आवाज. स्विचिंगची वारंवारता १६ किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर ती तरुण आणि तीक्ष्ण कानांच्या श्रवणकक्षेत येते. इन्व्हर्टरमधील गुंडाळ्या बारीक शीळ घालतात, पंखा घरघरतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि भिंतीला घट्ट आवळलेले यंत्र ती कंपने भिंतीत सोडते. घरातील एकाच व्यक्तीला ते ऐकू येते आणि बाकीचे तिला ‘काही नाही’ म्हणतात. आपल्या पत्नीला कानात गुणगुण जाणवते असे आपण लिहिले आहे, म्हणून मी आपल्या घरात पहिली चौकशी याचीच करेन. इन्व्हर्टर रबरी आधारांवर बसवणे, पंख्याविना नमुना घेणे आणि अंतर वाढवणे यांनी हा त्रास बहुतांशी मिटतो. दुसरी गोष्ट म्हणजे दिव्यांची लुकलुक. स्वस्त एलईडी दिवे ग्रिडच्या दुप्पट वारंवारतेने, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा, मंद-प्रखर होतात आणि डोळ्याला ते सहसा दिसत नाही. ब्रिटनमधील एका कार्यालयात झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या चोकच्या नळीदिव्यांऐवजी उच्च वारंवारतेवर चालणारे नळीदिवे वापरले असता डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून खाली आला होता. म्हणून सौर यंत्रणेवर हजारो खर्च करण्यापूर्वी शयनगृहातील आणि स्वयंपाकघरातील दिवे लुकलुक न करणारे लावून पाहावेत. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिल्यावर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदलण्यासारखा आहे.

आता आपला दुसरा प्रश्न, ग्रिड सोडून बॅटरीवर जाण्याचा. बरेच लोक हा पर्याय ‘नैसर्गिक’ समजून निवडतात, आणि मला त्यांना थांबवावे लागते. ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर सूर्यास्तानंतर निद्रिस्त होतो. रात्रभर घरात सौर यंत्रणेचे काहीच चालत नाही. बॅटरीवरच्या घरात मात्र इन्व्हर्टर चोवीस तास चालतो आणि सर्वाधिक काम नेमके संध्याकाळी आणि रात्री करतो. संवेदनशील व्यक्तीच्या झोपेच्या दृष्टीने ही अदलाबदल उलट्या दिशेची आहे. शिवाय बॅटरीकडच्या तारांत प्रवाह मोठे असतात : तीन किलोवॅटचा भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर २५० अँपिअर ओढतो, ४८ व्होल्टवर सुमारे ६३ अँपिअर. म्हणून बॅटरी घ्यायचीच असेल तर ४८ व्होल्टची घ्यावी, इन्व्हर्टर तिच्याजवळ ठेवून जोडतारा आखूड आणि एकमेकींना लागून ठेवाव्यात, आणि दोन्ही वेगळ्या खोलीत असावीत. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे ती खोली हवेशीर असणे अनिवार्य आहे. स्वस्त इन्व्हर्टरमधील पायऱ्यापायऱ्यांची तरंगरचना टाळून शुद्ध साइन तरंग देणाराच इन्व्हर्टर घ्यावा, कारण त्या पायऱ्यांमुळे मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर अधिक गुणगुणतात.

बॅटरीचा एक वापर मात्र मला मनापासून पटतो. मुख्य यंत्रणा ग्रिडची ठेवून, संवेदनशील व्यक्तीच्या खोलीपुरते २४ व्होल्टचे छोटे डीसी मंडल (सर्किट) वेगळे करावे : एक-दोन पॅनेल, बॅटरीचे चार्जिंग आवरणारा एक साधा चार्ज कंट्रोलर, एक बॅटरी आणि त्यावर वाचनाचा दिवा. साठ वॅटच्या भारालाही केवळ अडीच अँपिअर लागतात. या मंडलात इन्व्हर्टरच नसतो. रात्री सूर्य नसल्याने चार्ज कंट्रोलरही चार्जिंगचे काम करत नाही आणि शयनगृहाचे नेहमीचे एसी मंडल दोन्ही तारा एकदम तोडणाऱ्या स्विचने बंद ठेवता येते. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) प्रकारचा असेल तर त्यात दहा-वीस किलोहर्ट्झ किंवा त्याहून वेगवान स्विचिंग असते; एवढ्या छोट्या कामाला पीडब्ल्यूएम (साध्या उघडझापीने चार्जिंग आवरणाऱ्या) प्रकारचा, कमी वारंवारतेचा कंट्रोलर पुरतो. पंखा जोडणार असाल तर ध्यानात ठेवावे की ब्रशविरहित डीसी पंख्यातही त्याचे स्वतःचे स्विचिंग मंडल असते. आणि घराला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग गरम पाण्याचा असेल तर सौर बंबाचा विचार विजेच्या पॅनेलआधी करावा. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते या तत्त्वावर चालणाऱ्या बंबाला ना इन्व्हर्टर लागतो ना पंप, आणि तो आला की छतावरची वीजयंत्रणा लहान केली तरी चालते.

अर्थिंगबद्दल मला कठोर शब्द वापरावे लागतात. ‘अर्थिंगमधून घाणेरडी वीज घरात येते, ते काढून टाका’ असा सल्ला या विषयातील लोकांना कोणी ना कोणी दिलेला असतो. पॅनेलच्या चौकटी, इन्व्हर्टरचे आवरण आणि घरातील उपकरणे यांचे अर्थिंग काढणे जिवावर बेतू शकते आणि त्यामुळे पॅनेलच्या चौकटीवरचे विद्युत क्षेत्र कमी होण्याऐवजी वाढते. जी चूक खरोखर शोधण्यासारखी आहे ती वेगळी आहे : न्यूट्रल आणि अर्थ ठरलेल्या एकाच जागी जोडलेले असावेत, पण जुन्या वायरिंगमध्ये ते आणखी कोठेतरी जोडलेले सापडतात. तेव्हा परतीचा काही प्रवाह न्यूट्रल सोडून पाण्याच्या नळावरून किंवा अर्थ तारेवरून वाहतो, जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना पुसत नाहीत आणि घरभर चुंबकीय क्षेत्र पसरते. अनेक घरांत मला सर्वांत मोठे क्षेत्र सौर यंत्रणेचे नसून या जुन्या चुकीचे सापडले आहे, आणि चांगला इलेक्ट्रिशियन ते एका दिवसात दुरुस्त करू शकतो. त्याच ओघात सांगतो, भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचे ‘फिल्टर’ म्हणून जे विकले जातात ते बहुधा धारित्रे (कपॅसिटर) असतात. त्यांच्यामुळे तारांतला प्रवाह वाढतो, आणि बॅटरीवरच्या इन्व्हर्टरच्या आतील फिल्टरशी त्यांचा अनुनाद झाला तर गोंगाट वाढूही शकतो. इन्व्हर्टर बनवणाऱ्याने संमती दिल्याशिवाय ते लावू नयेत. तारांवर फेराइटची (उच्च वारंवारतेचा गोंगाट रोखणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी चढवणे हा त्यापेक्षा निरुपद्रवी उपाय आहे, मात्र वारंवारतेला साजेसे फेराइट हवे आणि त्यातून अधिक-उणे दोन्ही तारा एकत्र न्यायला हव्यात.

हे सर्व पाहिल्यावर खर्च करण्यापूर्वी मोजणे आणि अनुभवणे उरते. आज, पॅनेल येण्याआधी, प्रत्येक खोलीतील मोजमापे नोंदवून ठेवावीत, नाही तर नंतर कशाशी तुलना करणार? तीन अक्षांत मोजणारे चुंबकीय क्षेत्रमापक भाड्याने मिळाले तर उत्तम; जुन्या एककात वाचन आले तर दहा मिलिगॉस म्हणजे एक मायक्रोटेस्ला. एकाच आकड्यात ‘धोका’ दाखवणाऱ्या आणि वारंवारता न सांगणाऱ्या स्वस्त यंत्रांवर विसंबू नये. घरी मध्यम लहरींचा जुना रेडिओ असेल तर तो दोन स्थानकांच्या मध्ये लावून तारांजवळ नेल्यास स्विचिंगची खरखर ऐकू येते. आरोग्याबद्दल तो काहीच सांगत नाही, पण दोन इन्व्हर्टरमधील फरक सांगतो.

अनुभवण्याची पद्धत अशी. ज्या नमुन्याचा इन्व्हर्टर घेणार आहात तो बसवलेल्या घरी पत्नीने काही तास दुपारी घालवावेत. आपल्या घरी यंत्रणा बसल्यावर, त्यांच्या पूर्ण संमतीने, घरातील दुसऱ्या कोणी रोज सकाळी नाणे उडवून त्या दिवशी इन्व्हर्टर चालू की बंद ते ठरवावे आणि ते कोणालाही न सांगता लिहून ठेवावे. पत्नीने रात्री त्या दिवसाचा त्रास आकड्यात नोंदवावा. यंत्राचा दिवा, पडदा आणि आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचू नये, एवढी खबरदारी घ्यावी. तीन-चार आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. नोंदी इन्व्हर्टरच्या दिवसांशी जुळल्या तर यंत्राची जागा किंवा नमुना बदलण्याला ठोस आधार मिळतो. नाही जुळल्या तर तेही मोलाचे आहे, कारण एक संशयित बाजूला होतो आणि डॉक्टरांना नेमके काय सांगायचे ते कळते. ही चाचणी त्यांची परीक्षा घेण्यासाठी नाही, त्यांच्या हाती माहिती देण्यासाठी आहे, हे घरातल्या सर्वांना आधी समजावून सांगावे. अविश्वासाच्या वातावरणात केलेली चाचणी त्रासच वाढवते.

आतापर्यंतचे आपल्या घरापुरते एकत्र करतो. पॅनेल शयनगृहावर चालतील, परतीची तार लागून आणावी, ऑप्टिमायझर सावली नसेल तर वगळावेत, एकच इन्व्हर्टर, पंख्याविना, पलंगांपासून दूर, वाय-फायऐवजी वायर, बॅटरी हवी असल्यास एका खोलीपुरते छोटे डीसी मंडल, आणि या सर्वाच्या आधी न्यूट्रल-अर्थची तपासणी व दिव्यांची बदली.

कंत्राटदाराशी बोलताना ‘विद्युतसंवेदनशीलता’ या विषयावर वाद घालू नये. तारांची वाट दाखवणारा नकाशा, इन्व्हर्टरची जागा, वायरने माहिती घेण्याची सोय, आणि ठरावीक मुदतीत इन्व्हर्टर दुसऱ्या जागी हलवण्याचा किंवा दुसऱ्या नमुन्याशी बदलण्याचा आधीच ठरलेला खर्च, एवढ्या गोष्टी करारात लेखी घ्याव्यात. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंचे विलगक स्विच आपल्या हाताला येतील अशा जागी मागावेत आणि डीसी बाजूचा स्विच डीसीसाठी प्रमाणित आहे का ते पाहावे, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी स्वतःहून विझत नाही. यंत्रणा बंद करायची असेल तेव्हा आधी एसी बाजू बंद करावी आणि मग डीसी. उन्हात, प्रवाह चालू असताना पॅनेलची जोडणी हाताने कधीही ओढून सोडवू नये. आपल्या चाचणीत रोज सकाळी स्विच फिरवणाऱ्या व्यक्तीला हा क्रम पहिल्याच दिवशी कंत्राटदाराकडून प्रत्यक्ष दाखवून घ्यावा.